अकरा दारांचा एक हंडा

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी एक तांब्याचं कडं येतं, आणि मग दाराआडून दाराआड पळणारा एक हंडा. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतलं बरंचसं विसरलो. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी ते विसरता येत नाही.

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तोही इतिहास घेऊन कसाबसा बी.ए. झालेला. त्यामुळे पुढे विज्ञानाचं जे काही लिहीन, ते मला समजावलं गेलं तेवढंच आहे. त्यात चूक असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. बहुतेक माणसं अजून त्याच भागात राहतात.

सन दोन हजारच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. माझी नेमणूक महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात होती. ठाणं लहान. घाटातले अपघात, बांधावरची भांडणं, शिमग्याचा आणि गणपतीचा बंदोबस्त, एवढंच काम. पण मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर आमच्या सगळ्या जिल्ह्यात 'संशयास्पद हालचाल' हे दोन शब्द फार जड झाले होते. वरून सारखी विचारणा व्हायची. आपल्या हद्दीत काही घडलं आणि आपल्याला पत्ता नव्हता, ही भीती प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनात असायची. माझ्याही होती.

शिमग्याला चार-पाच दिवस असताना एक टेम्पोवाला ठाण्यात आला. हा माझा जुना खबरी. खुर्चीवर न बसता तो दाराशीच उभा राहिला.

"साहेब, एक सांगायचं हाय. पन माझं नाव नको."

"आजवर कधी घेतलं तुझं नाव?"

"आंबेनळी घाटाच्या अंगाला ती वरची वाडी हाय ना, तिथं गुरुजींच्या गोठ्यात लोखंडाचा गोळा बनतोय. एवढा." त्याने दोन्ही हातांनी फुटबॉलएवढा आकार दाखवला. "तुडीलचा वेल्डर येतो. तो दुबईवाला. मी परवा सामान टाकायला गेलो तर गुरुजी त्याला सांगत होते, अणू फोडायचा नाय, जुळवायचा."

"काय म्हणाले?"

"अणू, साहेब. मी सातवी शिकलोय, पन एवढं कळतं मला."

मी हादरलो, हे कबूल करतो. गोळा, अणू आणि आखातातून आलेला वेल्डर, तोही तुडीलसारख्या मुसलमान वस्तीच्या गावचा. त्यातला तिसरा शब्द ऐकल्यावर बाकीचे दोन मला जास्त खरे वाटू लागले, हेही आज कबूल करतो. त्या वेळी ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आम्ही वाडीवर गेलो. जिल्ह्याहून बॉम्बशोधक पथक मागवलं होतं. दोन पंच घेतले. वाडी अकरा घरांची. पुरुष बहुतेक मुंबईत नोकरीला, पण शिमगा आल्याने दोन-दोन, तीन-तीन दिवस आधी येऊन पोचलेले. सगळे अंगणात उभे राहून आमच्याकडे बघत होते.

गुरुजी म्हणजे माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले विज्ञान शिक्षक. साठीच्या पुढचे, अंगात बनियन, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. वेल्डर तिशी-पस्तिशीचा. आम्हाला बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि बेड्या घालाव्यात तसे हात पुढे करून तो उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याला ते आधीच ठाऊक होतं.

गोठ्यात गुरं नव्हती. मधोमध टेबलावर चकाकत्या पोलादाचा गोळा, त्याला एक जाड काचेची खिडकी, बाजूला एक जुना पंप आणि कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनचा ट्रान्सफॉर्मर. भिंतीला शिशाचा पत्रा. कोनाड्यात इंग्रजी कागदांचा गठ्ठा, महाडच्या सायबर कॅफेत छापून घेतलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बसा, सांगतो," गुरुजी म्हणाले. "सूर्यात जे चालतं, त्याचा हा अगदी लहान प्रयोग. परदेशात काही हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये करतात. आमचं प्रयोग मंडळ आहे. थोडा वेळ असेल तर मी पहिल्यापासून..."

"वेळ नाही," मी म्हणालो.

आमचे हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, सूर्य हे सांकेतिक नाव असंल."

पथकाच्या कुत्र्याने गोळ्याभोवती एक फेरी मारली, पंपाचा वास घेतला आणि तो बाहेर जाऊन सावलीत बसला. पथकप्रमुख मला म्हणाले, "स्फोटक काही नाही. आत काय आहे ते तुम्ही बघून घ्या." आणि ते गेले.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण एवढं पथक मागवलं, पंच आणले, वर कळवलं. रिकाम्या हाताने परत जायची मला लाज वाटत होती. मी गोळा उघडायला सांगितला.

तोपर्यंत गप्प असलेला वेल्डर पुढे आला. "साहेब, हे खोलू नका. आठ महिने झाले आतली हवा काढायला. आत्ता कुठं टिकायला लागलंय."

"आत काय लपवलंय?"

"काय नाय. आत कायच नाय, तेच तर कठीण असतं."

मला हे उत्तर उर्मट वाटलं. हवालदारांनी नट काढले. हवा आत शिरताना सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. आत खरोखरच काही नव्हतं. मधोमध बारीक तारेची, लिंबाएवढी एक जाळी, बस. पण दोन पोलादी तोंडांच्या मध्ये सांधा घट्ट बसावा म्हणून घातलेलं तांब्याचं कडं होतं, त्यावर माझी नजर गेली. कडं जुन्या भांड्याच्या पत्र्यातून कापलेलं होतं. त्यावर टिंबाटिंबांनी टोचलेली अक्षरं होती. एका बाजूला 'उमरठ' हे गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला 'सप्रेम'. मधलं नाव कापताना गेलेलं.

लग्नात मुलीला माहेरून हंडा देतात आणि त्यावर नाव घालतात. असला हंडा कोणी सुखासुखी मोडत नाही. मी मनात म्हणालो, सापडलं. चोरीचं तांबं.

पंचनामा केला. कडं, पंप, कागद मुद्देमालात घेतले. वेल्डरच्या शर्टाच्या खिशात पासपोर्ट होता, तोही घेतला. शनिवारचं त्याचं विमान होतं. परत जायला मिळालेल्या नव्या व्हिसाची मुदत रविवारी संपत होती. हे त्याने मला तिथेच सांगितलं.

"शनिवारपर्यंत तपास झाला तर जाशील," मी म्हणालो. आणि त्याच दुपारी पासपोर्ट सीलबंद पाकिटात घालून अहवालासोबत वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना केला. तशी गरज नव्हती. ठाण्याच्या कपाटात ठेवला असता तरी चाललं असतं. पण आपण किती तत्पर आहोत हे वर दिसावं असं मला वाटलं.

मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार पूर्ण, मी दोघांची वेगवेगळी चौकशी केली. रात्री घरी सोडायचं, सकाळी हजेरी. मारहाण मी कधी केली नाही आणि तेव्हाही केली नाही. पण चौकशीत माणसाला छळायला हात उचलावा लागत नाही. शनिवारची आठवण करून दिली की पुरे होत होतं.

"तांबं कुणाचं?"

"दिलेलं हाय, साहेब. चोरीचं नाय."

"कुणी दिलं?"

"नाव नाय सांगणार."

"चोरीचं नसेल तर नाव सांगायला काय हरकत आहे? नाव सांग, मी जबाब घेतो, तू सुटलास. शनिवारी विमानात बसशील."

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "शब्द दिलाय."

गुरुजींचंही तेच. ते मुंबईतल्या सभासदांची नावं पटापट सांगत. पंप एका माजी विद्यार्थ्याने बंद पडलेल्या शीतगृहातून मिळवला होता, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याने. सगळ्याच्या पावत्या होत्या, सगळं पडताळून बघितलं, सगळं खरं होतं. तांब्याचं विचारलं की मात्र गप्प. वर मलाच म्हणायचे, "साहेब, मी तुम्हाला आधी ही गोष्ट काय आहे ते समजावून सांगू का?" दोनदा विचारलं त्यांनी. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस नाव फार लवकर सांगतो. स्वतःचं सोडून कोणाचंही. हे दोघं तसे नव्हते. मला ते दिसत होतं आणि तरी मी ते मनावर घेत नव्हतो. आता माझा संशय फसवणुकीवर गेला होता. गुरुजी वाड्यावाड्यांवर जाऊन व्याख्यानं देतात, काचेची नळी पेटवून दाखवतात, हे कळलं होतं. घरोघरी फुकट वीज देतो म्हणून भोळ्या लोकांकडून भांडी काढून घेतली असणार, असं मी डायरीत लिहूनही ठेवलं.

फक्त फिर्यादी मिळेना. उमरठला माणूस पाठवला. तिथे कोणाचा हंडा गेलेला नव्हता. वाडीच्या पोलीस पाटलांना विचारलं.

"कुणाची भांडी चोरीला गेली?"

"नाय, साहेब. कुनाचीच नाय."

"नक्की?"

"आमच्या वाडीत चोरी झाली तर पहिली बातमी माझ्या बायकोला लागते. ती गप्प हाय."

बुधवारी संध्याकाळी वेल्डरची आई ठाण्याच्या पायरीवर बसलेली होती. तुडीलहून एसटीने आलेली, फडक्यात भाकरी बांधून. मी बाहेर आलो तशी ती उठली.

"आई, त्याला समजवा. एक नाव सांगायचंय फक्त," मी म्हणालो.

ती म्हणाली, "साहेब, माझा पोरगा खोटं बोलायला शिकला असता तर आत्ता घरी असता." आणि परत खाली बसली.

गुरुवारी त्याच वाडीत पालखी होती आणि गेल्या वर्षीच्या एका भांडणामुळे आम्हाला बंदोबस्त होता. तिथली रीत अशी की पालखी दारात आली की घरच्या बाईने तांब्याच्या भरल्या हंड्यातून पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालायचं. मग हंडा आत जातो, आणि पालखी अंगणात नाचते.

पहिल्या दारात हंडा आला. माझं डोकं तांब्यानेच भरलेलं असल्याने मी तो नीट पाहिला. काठाला एक पोचा होता, मुठीएवढा. दुसऱ्या दारात हंडा आला. त्यालाही काठाला पोचा होता. मला वाटलं, असेल. तिसऱ्या दारात तोच पोचा दिसला तेव्हा मी हवालदारांना म्हणालो, "तुम्ही इथे थांबा."

मी घरांच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे दगड रचून केलेल्या कुंपणांच्या, गडग्यांच्या मधून एक अरुंद वाट होती. ढोल पुढच्या अंगणात वाजत होते आणि मागून दोन बायका एक हंडा मध्ये धरून पळत होत्या. पाणी हिंदकळत होतं.

"हळू गो, सांडतंय."

"सांडू दे. पालखी निघाली बघ. गुलाल लागलाय, पुस तो आधी."

"पुसायला येळ हाय कुठं?"

वळणावर मी उभा होतो. दोघी थबकल्या. त्यांतली वयाने मोठी, पन्नाशीची असेल, तिने माझ्या टोपीकडे पाहिलं, मग हंड्याकडे.

"साहेब, बाजूला व्हा. पालखी पाचव्या दारात येईल. मग काय ते इचारा."

मी बाजूला झालो. दुसरं काय करणार होतो? आणि मग सहा घरं मी मागच्या वाटेवर उभा राहून तो हंडा पळताना बघितला. प्रत्येक मागच्या दारात एक बाई हात पुढे करून तयार असायची. अकरा दारं, आणि एक हंडा.

पालखी देवळाकडे वळल्यावर ती बाई स्वतःच माझ्याकडे आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "आता बोला."

"उमरठचं माहेर कुणाचं?"

"माझंच. माझ्या भावानं घातलंय नाव. 'सप्रेम' पन हाय ना त्यावर?"

मी मान हलवली.

"धा घरचे धा हंडे दिले आमी. एक ठेवला, पोचा असलेला, तो गुरुजींनी घेतला नाय. पावसाळ्यात दिले, तवा शिमगा कुनाच्याच डोक्यात आला नाय बघा."

तिच्या मागे आणखी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

"गुरुजींनी काय सांगितलं होतं? घरोघरी वीज देतो म्हणून?"

"नाय."

"मग काय म्हणाले?"

"बोलले, यातनं दिवा लागायचा नाय. हे मशीन देतंय त्याच्यापेक्षा खातंय जास्त. जगात कुनालाच अजून जमलेलं नाय. आपल्या हयातीत जमंल असंबी नाय. दोनदा सांगितलं त्यांनी, हंडा हातात घ्यायच्या आधी."

माझ्या डायरीतलं फसवणुकीचं अख्खं पान त्या एका वाक्याने गेलं.

"मग दिलात कशाला?"

तिने जरा विचार केला. "त्यांनी मला समजावून सांगितलं, साहेब. चार दिस ओटीवर बसून. सूर्य कशानं जळतो, तो का विझत नाय. मी इचारलं, तसं परत सांगितलं. मला आजवर कुनी काय समजावून सांगितलं नव्हतं. हे आन, ते कर, एवढंच." मग जरा थांबून म्हणाली, "घरात प्लॅस्टिकच्या घागरी आल्या, हंडा माळ्यावर पडलेला. मी बोलले, आपला हंडा असू दे तिथं."

"आणि हे लपवायचं कारण?"

"घरवाला मुंबईला. त्याला सांगितलं असतं तर बोलला असता, मोडीत घाल आन् पत्रे आन. सगळ्यांचं तसंच. म्हनून गुरुजींकडनं आन् वेल्डरकडनं शब्द घेतला, आमची नावं घ्यायची नाय. शिमग्याला मानसं घरी असतात." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्यानं घेतली का नावं?"

"नाही. परवा त्याचं विमान आहे, ते जाईल तरी घेत नाही."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा बदलला. ती वळली आणि सरळ पुढच्या अंगणात गेली. तिचा नवरा गुलालाने माखलेला, ढोलवाल्यांसोबत उभा होता.

"आवं, माझा उमरठचा हंडा मी गुरुजींच्या मशीनला दिला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पावसाळ्यातच."

"मग मगाशी दारात होता तो?"

"तो आपला नव्हता."

"माझाबी दिला," मागून दुसरी म्हणाली. मग तिसरी. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. ढोल बंद झाला.

नवऱ्याने कपाळावरचा गुलाल पुसला. मग हळूच म्हणाला, "मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर दिला असतात?"

"नसता."

"मग?"

तो माझ्याकडे वळला. "साहेब, जबाब लिहिताय तर माझाबी लिहा. हंडा आमच्या घरचा. चोरीचा नाय."

दुपारी चारपर्यंत दहा घरांचे जबाब झाले. मी वेल्डरला सांगितलं, तुझ्यावर काही नाही. आणि पासपोर्टसाठी वरिष्ठ कार्यालयाला फोन लावला. पाकीट पोचलं होतं, पण ज्यांच्यासमोर ते उघडायचं ते अधिकारी शिमग्याच्या रजेवर गेले होते. पुढे धुळवडीची आणि शनिवार-रविवारची सुट्टी. मी शुक्रवारी स्वतः जीप घेऊन गेलो. विनंत्या केल्या, वाद घातला. माझंच सील होतं, माझीच सही होती, आणि माझ्याच अहवालावर मी लाल शाईने 'अत्यंत संवेदनशील' असं लिहिलं होतं. ते वाचल्यावर कोणी हात लावायला तयार होईना. पाकीट सोमवारी उघडलं.

व्हिसा रविवारी संपला होता.

सोमवारी संध्याकाळी मी पासपोर्ट घेऊन तुडीलला त्याच्या घरी गेलो. गणवेश घातला नाही. तो ओट्यावर बसला होता. मी पासपोर्ट पुढे केला. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण शब्द नीट जुळेनात.

"तू एक नाव घेतलं असतंस तर..." मी म्हणालो.

"व्हिसा काय, परत काढता येईल, साहेब," तो म्हणाला. मग पासपोर्ट न उघडता बाजूला ठेवत विचारलं, "ते पॅकिंग आणलंत काय?"

मी खिशातून तांब्याचं कडं काढून दिलं. त्याने ते उजेडात धरलं आणि मान हलवली. "हे आता चालायचं नाय. तांब्याचं पॅकिंग एकदाच बसतं. आवळलं की दबतं, खोललं की गेलं. बाकीचं तांबं पंपाच्या नळीला आन् ह्याच्या आधीच्या पॅकिंगला लागलं. सात पॅकिंगं वाया गेली तवा हे आठवं बसलं होतं." रागाने नाही, एखाद्याला काम शिकवावं तसं तो सांगत होता.

त्याला परत व्हिसा मिळाला नाही. महाडला त्याने वेल्डिंगचं दुकान टाकलं. तिथे गेलो की मी दुकानाच्या रस्त्याने जायचं टाळायचो.

लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. मला मोठं काही सांगता येत नाही. त्या तीन दिवसांत मी शंभर प्रश्न विचारले. कुणाचं, कुठून, किती, कधी. 'मला समजावून सांगा,' एवढं एक वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. वाडीतल्या त्या बाईने ते विचारलं होतं. मी पदवीधर होतो. शिवाय एका माणसाच्या गावावरून आणि नोकरीवरून मी त्याचा गुन्हा आधी ठरवला आणि पुरावा नंतर शोधत बसलो. तपास केला असं मी स्वतःला सांगत होतो. ते आठवलं की अजून माझं मलाच दचकायला होतं.

पुढच्या शिमग्याला माझी बदली झालेली नव्हती. पालखीच्या दोन दिवस आधी गुरुजींचा निरोप आला, येऊन जा. मी गेलो. या वेळी बसलो, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. अर्धं कळलं. मग वेल्डरने पंप चालू केला, मला शिशाच्या पत्र्याआड उभं केलं आणि आरशातून ती खिडकी दाखवली. जाळीच्या मधोमध जांभळा, ताऱ्यासारखा एक ठिपका पेटला होता.

"हे अजून ते नव्हे," गुरुजी घाईने म्हणाले. "त्याला लागणारा वायू आपल्याला मिळत नाही. हा नुसता उजेड आहे. गैरसमज नको."

"सांधा कशाने बसवलात?" मी वेल्डरला विचारलं.

तो नुसता हसला.

दोन दिवसांनी बंदोबस्ताला गेलो तेव्हा उत्तर मिळालं. पालखी पहिल्या दारात आली. घरच्या बाईने स्टीलची कळशी आणून पाणी घातलं. दुसऱ्या दारातही स्टीलची कळशी. तिसऱ्यातही. अकराही दारांत तांबं कुठेच नव्हतं. पोचा पडलेला तो अकरावा हंडासुद्धा दिसला नाही.

उमरठच्या त्या बाईने मला गडग्याजवळ उभा पाहिलं आणि पाणी घालता घालता म्हणाली, "ह्या वर्षी पळापळ नाय, साहेब. तुमी पुढं बसा, चहा घ्या."